जुना ब्राउझर आणि चालते काम

संगणकावर संकेतस्थळे पाहण्यासाठी जो प्रोग्राम वापरला जातो त्याला ब्राउझर म्हणतात, आणि तो वेळोवेळी अद्ययावत करावा हा सल्ला आता इतका सार्वत्रिक झाला आहे की तो न मानणाऱ्या माणसाला हट्टी किंवा अडाणी ठरवून विषय तेथेच संपवला जातो. असा निकाल देणे सोपे असले तरी त्यातून त्या माणसाचा ब्राउझर बदलत नाही, कारण त्याच्या नकारामागे पुष्कळदा कामाचा अनुभव असतो आणि तो अनुभव ऐकून न घेता दिलेला सल्ला त्याला परक्याचा वाटतो. म्हणून येथे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मामा आणि भाची या दोन कल्पित व्यक्तींच्या संवादातून मांडल्या आहेत. मामा तालुक्याच्या गावी दुकानदारांचे हिशेब लिहितात आणि त्यांची प्राप्तिकराची व जीएसटीची विवरणपत्रे भरतात. भाची पुण्यात एका बँकेच्या संगणक विभागात काम करते. मामांच्या संगणकावर २००९ साली आलेली विंडोज ७ ही कार्यप्रणाली आहे, म्हणजे यंत्र आणि इतर प्रोग्राम यांना जोडणारा मूळ प्रोग्राम आहे, आणि तिच्यावर इंटरनेट एक्सप्लोरर ११ व क्रोम १०९ असे दोन ब्राउझर आहेत. क्रोमची १०९ ही आवृत्ती जानेवारी २०२३ मधील असून विंडोज ७ वर चालणारी ती शेवटचीच, कारण फेब्रुवारी २०२३ पासूनच्या आवृत्त्यांना विंडोज १० किंवा त्यापुढची प्रणाली लागते.

मामांचे पहिले म्हणणे सरळ आहे. "संगणक सुरू होतो, पोर्टल उघडते, विवरणपत्र भरले जाते, पावती छापून निघते; मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?" भाचीला हे म्हणणे खोडून काढायचे नाही, कारण ते खरे आहे, तिचा आक्षेप एवढाच की काम होते की नाही आणि काम करणारे साधन सुरक्षित आहे की नाही, हे दोन वेगळे प्रश्न असून पहिल्याचे उत्तर पडद्यावर दिसते, दुसऱ्याचे दिसत नाही. पान उघडणे म्हणजे कोणा अनोळखी संगणकाने पाठवलेला मजकूर, चित्रे आणि आज्ञावली आपल्या यंत्रात घेऊन तेथे ती चालवणे होय, आणि ही आज्ञावली आपल्या मर्यादेबाहेर जाऊ नये याची राखण ब्राउझरलाच करावी लागते. त्या राखणीत राहून गेलेली चूक म्हणजे सुरक्षा-त्रुटी, आणि तिच्यावर निर्माता कंपनी पाठवते ती दुरुस्ती म्हणजे पॅच.

"मामा, चुका नव्या ब्राउझरमध्येही असतात," भाची कबूल करते, "पण त्यातली चूक सापडली की ती बुजवायला कोणीतरी बसलेले असते, तुमच्या ब्राउझरमधली चूक सापडली तर ती तशीच राहते." यापुढचा तिचा मुद्दा मामांनी पूर्वी ऐकलेला नाही. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून नेमके काय बदलले हे कोणालाही तपासता येते, आणि ज्याचा हेतू वाईट आहे त्याला त्यातून मूळ चूक कोठे होती याचा माग लागतो. त्यामुळे नव्या आवृत्तीला सुरक्षित करणारी प्रत्येक दुरुस्ती जुन्या आवृत्तीला, तिच्यात काहीही न बदलता, अधिक धोकादायक करून जाते.

या मुद्द्याला २०१० सालच्या एका प्रकरणाचा आधार आहे. त्या वर्षी १२ जानेवारी रोजी गूगलने आपल्यावर चीनमधून हल्ला झाल्याचे जाहीर केले. पुढे ऑपरेशन अरोरा या नावाने ओळखल्या गेलेल्या या हल्ल्यात इंटरनेट एक्सप्लोररमधील एका त्रुटीचा वापर झाला होता. त्रुटी त्या ब्राउझरच्या ६, ७ आणि ८ या तिन्ही आवृत्त्यांत होती, परंतु मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या निवेदनांनुसार प्रत्यक्ष हल्ले यशस्वी होत होते ते २००१ सालच्या आवृत्ती ६ वर, कारण स्मृतीतील केवळ माहितीसाठी राखलेल्या भागातून आज्ञा चालू न देण्यासारखी नंतरची संरक्षणे तिच्यात नव्हती. जर्मनी आणि फ्रान्स या देशांच्या माहिती-सुरक्षा यंत्रणांनी तर काही काळ इंटरनेट एक्सप्लोररच न वापरण्याचा सल्ला दिला, आणि मायक्रोसॉफ्टने २१ जानेवारी रोजी, नेहमीच्या मासिक वेळापत्रकाची वाट न पाहता, दुरुस्ती काढली. सप्टेंबर २०२३ मधील उदाहरण मामांच्या कामाला अधिक जवळचे आहे. वेबपी या प्रकारची चित्रे उलगडून दाखवणाऱ्या लिबवेबपी नावाच्या प्रोग्रामात त्रुटी निघाली, आणि हा छोटा प्रोग्राम क्रोम, फायरफॉक्स, एज अशा सर्वांनी आपापल्या पोटात घेतलेला असल्याने सर्वांनाच धावपळ करावी लागली. मुद्दाम बिघडवून तयार केलेले चित्र एखाद्या पानावर असले, तर वापरणाऱ्याने कोठेही क्लिक न करताही धोका संभवत होता.

मामांचे प्रत्युत्तर या टप्प्यावर बहुतेकांच्या तोंडी येते तेच आहे: यंत्रात अँटिव्हायरस आहे आणि तालुक्याच्या गावातील हिशेबनिसाच्या मागे कोण लागणार? पहिल्या भागावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या घातक प्रोग्रामांना अडवतो, ब्राउझरची मूळ चूक तो दुरुस्त करत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर भाची वेगळ्या बाजूने देते. असे हल्ले बहुतांशी माणूस निवडून होत नाहीत. ते आपोआप, जो सापडेल त्याच्यावर होतात. शिवाय मामांच्या यंत्रात केवळ मामांचे काही नाही. तेथे क्लायंटचे पॅन, बँक खात्यांचे तपशील, पोर्टलचे पासवर्ड आहेत, आणि कधीकधी त्यांच्या डिजिटल स्वाक्षरीची टोकनेही त्याच यंत्राला लावलेली असतात. डिजिटल स्वाक्षरी, म्हणजेच बोलण्यातली डीएससी, ही माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० नुसार हाताने केलेल्या सहीच्या बरोबरीची धरली जाते. स्वतःच्या यंत्राचा धोका पत्करण्याचा अधिकार मामांना आहे, हे मान्य करूनही दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या सहीचा धोका कोणी पत्करायचा, हा प्रश्न उरतोच, आणि या संवादात मामा प्रथमच गप्प होतात ते येथे.

ते गप्प राहतात, पण पटल्याचे सांगत नाहीत, कारण त्यांचा खरा आक्षेप अजून मांडलेला नाही. तो त्यांच्याच शब्दांत असा: "मागे एकदा सांगितले म्हणून ब्राउझर नवा केला, आणि त्याच दिवशी टोकनवरची सही उमटेना. तेलही गेले, तूपही गेले. सांगणारा फोन उचलत नव्हता आणि मुदत संपत आली होती." हा आक्षेप काल्पनिक नाही, आणि त्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय मामांच्या पिढीतील व्यावसायिकांचा अविश्वास समजत नाही.

ब्राउझरला स्वतःला टोकनवरील स्वाक्षरी वाचता येत नसे, म्हणून अनेक पोर्टले हे काम जावा ॲपलेटकडून करून घेत. ॲपलेट म्हणजे पानाबरोबर उतरणारा आणि ब्राउझरच्या आत चालणारा छोटा जावा प्रोग्राम. तो चालण्यासाठी ब्राउझरला बाहेरून एक जोडप्रोग्राम जोडावा लागे, आणि या जोडप्रोग्रामांतूनच घुसखोरी होऊ लागल्यावर ब्राउझर-निर्मात्यांनी ती जोडणीच काढून टाकली: क्रोमने सप्टेंबर २०१५ मधील आवृत्ती ४५ मध्ये, फायरफॉक्सने मार्च २०१७ मधील आवृत्ती ५२ मध्ये. सुरक्षेच्या दृष्टीने निर्णय योग्य होता. परंतु ज्या पोर्टलांची व्यवस्था तोवर बदललेली नव्हती त्यांच्या वापरकर्त्यांना नवा ब्राउझर घेणे म्हणजे काम बंद पडणे होते, आणि जुना ब्राउझर जपून ठेवा असा सल्ला तेव्हा संगणक दुरुस्त करणारेच देत. नंतर ही सोय ब्राउझरच्या बाहेर, यंत्रावर स्वतंत्रपणे बसवायच्या प्रोग्रामाकडे गेली. जीएसटीच्या पोर्टलसाठी वापरला जाणारा एमसाइनर हा त्याच प्रकारचा. आज स्वाक्षरीसाठी जुना ब्राउझर लागतो ही समजूत बव्हंशी कालबाह्य आहे, पण ती एका खऱ्या अनुभवातून आली आहे.

मराठी वाचकाला जुन्या ब्राउझरशी बांधणारे आणखी एक कारण होते आणि ते लिपीचे होते. २००० च्या आसपास मराठी संकेतस्थळे बहुधा युनिकोडमध्ये नसत. युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला एक ठरलेला क्रमांक देणारी प्रमाण पद्धत. प्रत्येक प्रकाशन आपापला फाँट वापरी, आणि वाचकाच्या यंत्रात तो नसेल तर पानाबरोबर तो उतरवण्यासाठी डायनॅमिक फाँटची युक्ती केली जाई. यासाठी मायक्रोसॉफ्टने काढलेला फाँट-प्रकार फक्त इंटरनेट एक्सप्लोररला समजत असल्याने इतर ब्राउझरमध्ये त्याच पानावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक सडा दिसे. युनिकोडचा मजकूरही विंडोज एक्सपीवर नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक पर्याय निवडावा लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ती न सापडल्यास वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटलेलीच राहत. अशा काळात जो ब्राउझर मराठी दाखवतो तोच चांगला, हा निष्कर्ष चुकीचा म्हणता येत नाही. आता मात्र पारडे उलटले आहे. 'ॲप' या शब्दातील पहिले अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांकासह २००८ साली आले आणि रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० साली. ही चिन्हे वाचकाच्या यंत्रातील जुन्या फाँटमध्ये नसली तर तेथे रिकामी चौकट उमटते, आणि संकेतस्थळाने आपला फाँट पाठवायचा ठरवले तरी तो आजच्या प्रकारात घेण्याची क्षमता ब्राउझरमध्ये असावी लागते.

संस्था आपल्या वापरकर्त्यांना एका ब्राउझरशी कशा बांधून टाकतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या निर्यात-निर्बंधांमुळे परदेशी पाठवल्या जाणाऱ्या ब्राउझरमध्ये बळकट कूटलेखन, म्हणजे मजकूर इतरांना वाचता येऊ नये असा बदलण्याची पद्धत, मिळत नसे. कोरियाने सीड नावाची स्वतःची पद्धत तयार केली, आणि ती ब्राउझरमध्ये नसल्याने ॲक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या जोड-तंत्राने बसवली. हे तंत्र इंटरनेट एक्सप्लोररपुरतेच असल्यामुळे बँकव्यवहार, खरेदी आणि सरकारी कामे यांच्यासाठी तोच ब्राउझर अपरिहार्य ठरला. अमेरिकेने निर्बंध २००० साली सैल केले, म्हणजे मूळ कारण संपले. तरी त्या व्यवस्थेच्या केंद्रस्थानी असलेल्या अधिकृत प्रमाणपत्राचा खास कायदेशीर दर्जा जाण्यास डिसेंबर २०२० उजाडला. या सर्व वर्षांत जुना ब्राउझर वापरणाऱ्या कोरियन नागरिकाला हट्टी म्हणणे जितके अन्यायाचे, तितकेच मामांना म्हणणेही. फार तर असे म्हणता येईल की ज्या व्यवसायाने 'हे संकेतस्थळ इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहावे' अशा पाट्या लावल्या, त्याच व्यवसायाला आता वापरकर्त्याच्या जुनाटपणावर बोट ठेवताना थोडा संकोच वाटायला हवा.

खुद्द ब्राउझर-निर्मात्यांनाही माघार घ्यावी लागल्याचे उदाहरण भाची प्रांजळपणे सांगते. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील देवाणघेवाण वाटेत कोणी वाचू वा बदलू नये यासाठी टीएलएस नावाची संकेतपद्धती वापरली जाते. तिची पहिली आवृत्ती १९९९ ची, आणि २०१८ मध्ये १.३ ही आवृत्ती आली. प्रमुख ब्राउझरनी जुन्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२० मध्ये बंद करण्याचे ठरवले होते, परंतु मार्च २०२० मध्ये फायरफॉक्सने केलेला बदल काही काळ मागे घेतला, कारण करोनाची माहिती देणारी काही सरकारी संकेतस्थळे अजून त्या जुन्या आवृत्त्यांवरच चालत होती. मामांना हे ऐकून समाधान वाटते. भाचीला ते वाटू द्यायचेच असते.

यानंतर मामा एक असा मुद्दा काढतात की ज्याने भाचीची बाजू अडचणीत यावी. "तुझा ब्राउझर जुना झाला आहे, येथे दाबा, असा निरोप देणारी पाने रोज दिसतात. ती सगळी खरी का?" ती खरी नाहीत. सॉकघोलिश या नावाने सुरक्षा-तज्ज्ञांना परिचित असलेला घातक प्रोग्राम नेमका याच मार्गाने पसरवला जातो: घुसखोरी झालेल्या एखाद्या साध्या संकेतस्थळावर ब्राउझर अद्ययावत करण्याची खोटी सूचना दिसते आणि ती पाळणाऱ्याच्या यंत्रात नवा ब्राउझर न येता चोर येतो. म्हणजे या बाबतीत मामांचा संशय हाच योग्य वर्तनाचा पाया आहे, आणि भाची तो मोडून काढण्याऐवजी त्याला वळण देते. पानावरील कोणत्याही सूचनेवर कधीही दाबायचे नाही. ब्राउझरच्या स्वतःच्या मेन्यूत शिरून, मदत या विभागातील त्या ब्राउझरविषयीची खिडकी उघडायची, तेथे आवृत्तीचा क्रमांक दिसतो आणि नवी आवृत्ती असल्यास तेथेच उतरू लागते. नव्याने ब्राउझर घ्यायचाच झाला तर निर्मात्याच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करायचा.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र मामांची बाजू अखेरपर्यंत भक्कम राहते. नवा क्रोम हवा तर विंडोज १० हवी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून विंडोज ११ हवी. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो, म्हणून यंत्रच नवे हवे. ब्राउझर फुकट असला तरी त्याच्या शेपटीला बांधलेला खर्च फुकट नाही, आणि हिशेबनिसाला हे शिकवण्याची गरज नाही. येथे भाचीकडे पूर्ण उत्तर नाही, दोन अर्धी उत्तरे आहेत. पहिले असे की फायरफॉक्सची दीर्घ-आधाराची, म्हणजे ईएसआर, शाखा असते; तिच्यात मोठे बदल सुमारे वर्षातून एकदाच येतात आणि मधल्या काळात केवळ दुरुस्त्या येतात. जुलै २०२३ मधील ईएसआर ११५ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, पण तिच्यासाठी दुरुस्त्या देण्याची मुदत मोझिलाने एकाहून अधिक वेळा वाढवली, आणि लिबवेबपीची दुरुस्तीही तिला मिळाली. दुसरे उत्तर, त्याच यंत्रावर लिनक्स बसवण्याचे. पण हिशेबाचे प्रोग्राम आणि टोकनचे चालक-प्रोग्राम विंडोजसाठीच लिहिलेले असताना मामांसारख्या व्यावसायिकाला ते सुचवणे म्हणजे उपायापेक्षा अपाय मोठा, हे भाची स्वतःच जाणते. तिचे खरे मत असे आहे की फायरफॉक्सने थोडा अवधी मिळेल, तेवढ्यात यंत्रासाठी पैसे बाजूला काढावेत. दुरुस्त्या न मिळणाऱ्या कार्यप्रणालीवर अद्ययावत ब्राउझर बसवला तरी खालची जमीन जुनीच राहते.

वाचनखुणा आणि पासवर्ड जातील, ही भीती सर्वांत लवकर मिटते. प्रचलित ब्राउझर वाचनखुणांची यादी एका फाइलमध्ये उतरवून देतात आणि दुसरा ब्राउझर ती वाचू शकतो. गंमत अशी की या फाइलच्या पहिल्याच ओळीत अजून नेटस्केपचे नाव असते, ज्या ब्राउझरचा आधार २००८ सालीच संपला. पासवर्डांची यादीही अशीच हलवता येते, परंतु त्या फाइलमध्ये ते उघड अक्षरांत असल्याने काम होताच ती पुसून टाकावी लागते. नवा ब्राउझर वापरणाऱ्याची माहिती कंपनीकडे पाठवतो, ही मामांची तक्रार रास्त आहे. तिच्यावर जुना ब्राउझर हा इलाज नाही, सेटिंगमध्ये जाऊन नको ते बंद करणे हा आहे.

एवढ्या चर्चेनंतर जी तडजोड निघते ती 'जुने टाका, नवे घ्या' अशी एका वाक्यात मावणारी नाही. भाची मामांना ब्राउझरविषयी विचारणे सोडून कामांविषयी विचारते: कोणते काम कोणत्या पोर्टलवर होते, आणि त्यातले कोणते खरोखर इंटरनेट एक्सप्लोररवाचून अडते? कागदावर यादी केल्यावर असे दिसते की बँक, ईमेल, प्राप्तिकर आणि जीएसटी यांपैकी कशालाच तो लागत नाही. एका संस्थेचे एकच जुने पोर्टल त्याच्यावर अडून आहे. तेव्हा बाकीची सर्व कामे फायरफॉक्सवर न्यायची, जुना ब्राउझर त्या एका पोर्टलपुरता ठेवायचा आणि त्यात दुसरा कोणताही पत्ता टाइप करायचा नाही, असे ठरते. पुढे नवे यंत्र आल्यावर त्या पोर्टलसाठी एज या ब्राउझरमधील आयई मोड वापरता येईल. जुन्या पद्धतीने बनलेली पाने नव्या ब्राउझरच्या आत चालवणारी ही सोय असून ती किमान २०२९ पर्यंत ठेवण्याचे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे.

मामा दोन अटी घालतात आणि दोन्ही मान्य होतात. जुना ब्राउझर पहिल्या दिवशी काढून टाकायचा नाही. नव्यावर एका पूर्ण महिन्याची विवरणपत्रे टोकनच्या सहीसह भरून झाल्यावरच त्याचा विचार करायचा. आणि हा बदल महिन्याच्या ११ आणि २० या तारखांच्या, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी या विवरणपत्रांच्या मुदतींच्या आत करायचा नाही. २० तारीख उलटल्यावर भाचीने गावी यायचे आणि पहिली सही उमटेपर्यंत शेजारी बसायचे.